गंज आणि मुलामा

इंदापूरच्या एका चाचांनी आयुष्यभर बॅन्डमध्ये साइड ड्रम वाजविला. बारामतीपासून भिगवणपर्यंत किती वराती त्यांच्या ठेक्यावर चालल्या, त्याची गणती नाही. त्यांचा जुना ड्रम माळ्यावरून खाली उतरला तेव्हा आम्ही तिथे होतो. कड्या तांबूस पडलेल्या, बोल्ट जाम. नातू म्हणाला, "दादा, काचकागद मारून एकदम नवा करतो." चाचा म्हणाले, "थांब बेटा. गंज जाईल, पण मुलामाही जाईल."

त्यांचे म्हणणे खरे होते. पोलादी कडीवर आधी निकेल आणि त्यावर क्रोम चढविलेले असते. क्रोमचा हा थर केसाच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही जाड नसतो. त्याच्या बारीक छिद्रांतून ओल आत शिरते आणि गंजते ते खालचे पोलाद. चाचांनी बोल्ट रात्रभर डिझेलमध्ये बुडविले, सकाळी जुन्या टूथब्रशने आटे साफ केले. कडीवर पाणी लावून ॲल्युमिनियमच्या चुरगाळलेल्या फॉइलने हलके घासले. ॲल्युमिनियम क्रोमहून मऊ. गंज निघतो, मुलामा टिकतो. मग कोरडे पुसून शिलाई मशीनचे तेल लावले. काही काळे ठिपके उरलेच. ते त्यांनी राहू दिले.

आपल्यात शिकलगार आडनावाची कितीतरी घरे आहेत. अरबी 'सैकल' म्हणजे झिलई; हत्यारांना धार आणि झिलई देणारा तो शिकलगार. कुरआनातही (८३:१४) माणसाच्या स्वतःच्या कमाईने त्याच्या अंतःकरणावर गंज चढतो, असे सांगितले आहे. तो सूरह सुरू होतो मापात मारणाऱ्यांपासून. म्हणजे गंज दुसऱ्याचा हक्क खाण्याचा आहे.

मग आम्हाला प्रश्न पडतो, आज समाजाची साफसफाई करायला निघालेले आपण नेमके काय घासतो आहोत? आईची मराठी, जात्यावरच्या ओव्या, उरुसातला ताशा यांवर काचकागद चालतो. हुंडा, बहिणीचा बुडविलेला वारसाहक्क, मुलीची अर्ध्यात सोडविलेली शाळा यांना मात्र कुणी हात लावीत नाही. संगीताविषयी उलेमांत मतभेद आहेत, हे आम्ही जाणतो. ज्याचे मन मानीत नाही त्याने ताशा ऐकू नये. पण डाग आणि गंज यांत फरक आहे. डाग नुसता दिसतो. गंज धातू खातो. एखाद्या रीतीने कुणाचा हक्क, कुणाचे आयुष्य खाल्ले जाते का, एवढे तपासले तरी पुरे.

याचा अर्थ 'जुने ते सोने' म्हणून गंज जपावा, असा नाही. चाचांनी बोल्ट तसेच ठेवले असते, तर ड्रमचे पान कधीच ताणले गेले नसते. आणि एक गोष्ट आम्ही स्वतःलाही बजावतो. शेजाऱ्याच्या घरातला गंज आपल्याला लांबून दिसतो. आपल्या कडीखालचा पाहायला आधी कडी उतरवावी लागते.

संध्याकाळी नातवाने पान चढविले आणि बोल्ट समोरासमोर, एकेक पीळ देत आवळले. चाचांनी कान लावून टिपरी मारली आणि म्हणाले, "अजून थोडा."