माग आपला, सूत कुणाचं?

स्वतःचे माग असणं ही भिवंडीत प्रतिष्ठेची गोष्ट आहे. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांनी इथे हातमाग मांडले. पुढे यंत्रमाग आले आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचं बरंच कापडकाम या गावाने उचललं. पण इथले कितीतरी माग जॉबवर्कवर चालतात. सूत व्यापाऱ्याचं असतं, तयार कापडही त्याचंच. मागवाल्याच्या वाट्याला मजुरी येते. व्यापाऱ्याने सूत थांबवलं की माग बंद पडतो, पण कर्जाचा हप्ता आणि विजेचं बिल थांबत नाही. मंदीत असे माग भंगाराच्या भावाने विकले गेले आहेत. 'मालक' म्हणवणाऱ्या माणसाच्या हातात नेमकं काय असतं, हा प्रश्न भिवंडीत पुस्तकातून शिकावा लागत नाही. विमान कंपन्यांमधल्या कामगार-भागधारकांची हकीकत मी याच प्रश्नाच्या उजेडात वाचतो.

कामगारांना भागधारक करण्याची कल्पना मुळात उदार होती. लुई केल्सो या अमेरिकन वकिलाने १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातली एक वृत्तपत्र कंपनी तिच्या कर्मचाऱ्यांच्या मालकीची करून दाखवली. कर्मचाऱ्यांच्या वतीने एका ट्रस्टने कर्ज काढायचं, शेअर घ्यायचे आणि ते कर्ज कंपनीच्या नफ्यातून फेडायचं, अशी त्याची रचना होती. कामगाराच्या पगाराला त्यात हात लागत नव्हता. श्रमासोबत भांडवलाचंही उत्पन्न त्याच्या घरात यावं, हे केल्सोचं स्वप्न होतं आणि ते मला आजही खरं वाटतं.

विमान कंपन्यांत पोहोचताना मात्र या कल्पनेचा कणाच बदलला. १९७८ मध्ये अमेरिकेने विमान वाहतुकीवरची बंधनं उठवली, भाड्यांची लढाई सुरू झाली आणि जुन्या कंपन्या तोट्यात गेल्या. तेव्हा शेअर पुढे आले ते पगारकपातीच्या बदल्यात. ईस्टर्न एअरलाइन्सच्या कामगारांनी १९८३ च्या अखेरीस मोठी कपात स्वीकारली आणि त्यांना सुमारे २५ टक्के शेअर व संचालक मंडळावर जागा मिळाल्या. तरीही १९८६ मध्ये कंपनी टेक्सास एअरला विकली गेली. पुढे संप झाला, दिवाळखोरी आली आणि जानेवारी १९९१ मध्ये ईस्टर्न बंद पडली.

युनायटेडचा प्रयोग त्याहून मोठा होता. १९९४ मध्ये वैमानिक, मेकॅनिक आणि इतर कर्मचाऱ्यांनी पगाराचा काही भाग सोडून ५५ टक्के शेअर घेतले. हवाई सेविकांच्या संघटनेने त्यात भाग घेतला नाही. बहुमताची मालकी असूनही बारा जणांच्या संचालक मंडळात कर्मचाऱ्यांच्या जागा तीनच होत्या. डिसेंबर २००२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ते शेअर मातीमोल झाले. २००५ मध्ये तिने पेन्शनची जबाबदारीही सरकारी विमा संस्थेवर टाकली. पगार, बचत आणि म्हातारपणाची सोय, तिन्ही एकाच कंपनीत गुंतलेली होती. नोकरी धोक्यात असलेल्या माणसाची बचतही त्याच धोक्यात घालणं ही गंभीर चूक होती, आणि तिची किंमत कामगारांनी मोजली.

आपल्याकडे मुंबईत कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जने दुसरी वाट धरली होती. १९८५ मध्ये बंद पडलेला हा कारखाना सर्वोच्च न्यायालयाच्या १९८८ च्या निर्णयाने कामगारांच्या हाती आला आणि काही वर्षं त्यांनी तो चालवला. तो पुढे टिकला नाही. पण तिथे निदान यंत्रं आणि कारभार दोन्ही कामगारांकडे होते. आपल्या विमान कंपन्यांत बहुतेक विमानंसुद्धा भाड्याची असतात. भाडं थकल्यावर जेट एअरवेजची विमानं मालक कंपन्यांनी एकामागून एक थांबवली आणि १७ एप्रिल २०१९ च्या रात्री शेवटचं उड्डाण झालं. त्याच महिन्यात, महिनोन्‌महिने पगार न मिळालेल्या वैमानिकांच्या आणि इंजिनियरांच्या संघटनांनी कर्ज देणाऱ्या स्टेट बँकेला पत्र लिहून कंपनी घेण्याची तयारी दाखवली. मला त्या पत्रात कंपनीवरची माया दिसते. पण ते घेणार काय होते? मुंबईच्या धावपट्टीवरच्या वेळा, एक नाव आणि कर्जाचा डोंगर.

डिसेंबर २०२० मध्ये विक्रीला निघालेली एअर इंडिया घेण्यासाठी तिच्या दोनशेहून अधिक कर्मचाऱ्यांनी प्रत्येकी एक लाख रुपये घालायची तयारी केली: ५१ टक्के कर्मचाऱ्यांचे, ४९ टक्के एका गुंतवणूकदाराचे. वैमानिकांच्या संघटनांनी मात्र सदस्यांना लांब राहायला सांगितलं. त्यांचा पगारकपातीचा वाद मिटलेला नव्हता. त्यांचं बरोबर होतं असं माझं मत आहे. मार्च २०२१ मध्ये हा प्रस्ताव अपात्र ठरला, आणि ऑक्टोबरमध्ये टाटांची १८,००० कोटींची बोली मान्य झाली.

याहून साधी वाट अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सने १९७३ मध्येच धरली होती: पगार पूर्ण द्यायचा, आणि नफा झाला तर त्यातला वाटा वेगळा.

आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात कंपनी मोडीत निघाली की कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने दिली जाते, इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची त्यानंतर. भागधारक रांगेत सर्वांत शेवटी येतो. म्हणजे थकलेल्या पगाराच्या बदल्यात शेअर घेणारा माणूस स्वतःच्या सहीने रांगेच्या पुढच्या टोकावरून मागच्या टोकाला जातो. ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने जेट मोडीत काढण्याचा आदेश दिला, तेव्हा ही रांग कागदावरची राहिली नाही.

म्हणून विमानतळावर, गोदामात किंवा कारखान्यात काम करणाऱ्या, आणि असा देकार आलेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: आधी थकलेला पगार घ्या, विमानांचे किंवा यंत्रांचे भाडेकरार आणि कर्जाचे आकडे पाहायला मागा, संचालक मंडळावर किती जागा मिळणार ते लेखी घ्या, आणि त्यानंतरच सही करा.