बापाचा पेला

स्टॅनली कुब्रिकच्या 'द शायनिंग'मध्ये (१९८०) दारूच्या आहारी गेलेला जॅक ओस हॉटेलात कुऱ्हाड घेऊन पोटच्या मुलामागे धावतो. माईक फ्लॅनगनच्या 'डॉक्टर स्लीप'मध्ये (२०१९) तो मुलगा, डॅनी, मोठा झालाय, तोही दारुडाच. बापाचं भूत मुलात उतरणारच का, हा या सिनेमाचा खरा प्रश्न.

डॅनी दारू सोडतो. मरणासन्न म्हाताऱ्यांच्या उशाशी रात्री बसतो. ज्या शक्तीमुळे त्याला लहानपणी भुतं दिसायची, तिच्यानंच तो त्यांची मरणाची भीती हलकी करतो. वारसा टाकता येत नाही. त्याचं काय करायचं, ते ठरवता येतं. इथं सिनेमा सर्वांत अस्सल आहे.

शेवटी डॅनी त्याच हॉटेलात परततो. बारमागे बापाच्या रूपातला माणूस व्हिस्की पुढे करतो. डॅनी ती नाकारतो. दिग्दर्शकाला मात्र कुब्रिकचा पेला नाकारता येत नाही: लिफ्टमधलं रक्त, खोली क्रमांक २३७, बर्फातला भुलभुलैया, सगळं पुन्हा. ओळखीचं झालेलं भूत भिववत नाही.

मग सिनेमा फसला का? स्टीफन किंगच्या मूळ कादंबरीत (१९७७) झपाटलेला जॅक क्षणभर भानावर येतो, मुलाला 'पळ' म्हणतो, आणि हॉटेलासकट संपतो. कुब्रिकनं बापाला तो क्षण दिलाच नाही. फ्लॅनगन तो मुलाला देतो: झपाटलेला डॅनी भानावर येऊन एका मुलीला वाचवतो आणि स्वतः आगीत थांबतो. भीतीच्या कसोटीवर हा सिनेमा मूळ सिनेमापुढे उणा आहे. पण बापाचं राहून गेलेलं देणं मुलानं फेडावं, एवढं त्याला नक्की साधलंय.