पित्यापुढची फिर्याद

ख्रिस्ती मनुष्य आपली नित्याची प्रार्थना ईश्वरास पिता म्हणूनच सुरू करतो, आणि घरातला कर्ता पुरुष अकाली गेला किंवा पोटचे लेकरू डोळ्यांदेखत गेले, तरी दुसऱ्या दिवशी त्याच संबोधनाने पुन्हा प्रार्थनेस बसतो. हे त्याने कोणत्या आधारावर करावे, हा प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. जुन्या करारात ईश्वराला पिता म्हटल्याची स्थळे थोडी. तेथे तो प्रामुख्याने राजा आहे, न्यायाधीश आहे, करारास बांधलेला धनी आहे. तथापि होशेय संदेष्ट्याच्या अकराव्या अध्यायात एक विलक्षण प्रसंग येतो. बेइमान झालेल्या एफ्राइमला शासन फर्मावण्यास निघालेल्या ईश्वराला आठवते, की याला हाताशी धरून पाऊल टाकायला आपणच शिकवले, वाकून घास आपणच भरवला. आणि त्या आठवणीसरशी त्याचे अंतःकरण कळवळून येऊन उगारलेला क्रोध तो आवरून धरतो. शासन करणाऱ्यालाच शासनाची वेदना होते, हा विचार येथे प्रथम इतक्या उघडपणे प्रकट झाला.

पुढे मात्र परंपरेने अधिक जवळ केले ते नीतिसूत्रांतले मत: पिता प्रिय पुत्रालाच शिस्त लावतो, म्हणून दुःख हे प्रेमाचेच लक्षण. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात हेच मत आले आहे, पण ते छळ सोसणाऱ्या मंडळीला, त्याच वाटेवरच्या सोबत्याने धीर देण्यासाठी सांगितले आहे. सोसणाऱ्याने स्वतःच्या दुःखाविषयी असे म्हणणे ही श्रद्धा होय. सुस्थितीतल्या माणसाने दुसऱ्याच्या दारी जाऊन तेच ऐकवणे हे माझ्या मते क्रौर्य होय, आणि शतकानुशतके धर्मपीठांवरून ते निःशंकपणे घडत आले आहे.

वस्तुतः गेथशेमाने बागेतल्या रात्रीने हे मत अपुरे ठरवले होते. निकटचे शिष्य झोपी गेलेले, येशू भूमीवर पडून पित्याला विनवीत आहे, की तुला सर्व शक्य आहे, तर हा प्याला टळो. आणि मार्काच्या वृत्तांतात पित्याकडून एका अक्षराचेही उत्तर येत नाही. प्याला टळला नाही. येथे ज्याला शिस्त लावावी असा अपराधी पुत्र नाही, संकटातून सोडवणारा पिताही दिसत नाही. उरतो तो केवळ संबंध, आणि त्या संबंधाच्या हक्काने केलेली विनवणी.

असे असूनही पिता स्वतः दुःख भोगतो हे म्हणण्याचे धैर्य आरंभीच्या मंडळीस झाले नाही. ग्रीक तत्त्वज्ञानाच्या छायेत वाढलेल्या आचार्यांना ईश्वर निर्विकार असणे अपरिहार्य वाटे, आणि तिसऱ्या शतकाच्या आरंभी तेर्तुलियनाने प्राक्सेयसाविरुद्ध ग्रंथ लिहून, पिताच क्रुसावर गेला असे मानणारे मत पाखंड ठरवले. त्यामागे सबळ कारण होते: जो आपल्याबरोबर बुडतो तो आपल्याला काठावर कसा ओढील? परंतु विसाव्या शतकातील संहारानंतर निर्विकार पित्याकडे पाहणे अनेकांना असह्य झाले. जपानमध्ये काझो कितामोरी यांनी 1946 साली ईश्वराच्या वेदनेवरच ग्रंथ लिहिला. 1943 च्या जुलैत हांबुर्ग शहर बाँबवर्षावात जळत असता शेजारी उभा असलेला मित्र ज्याने गमावला, तो सतरा वर्षांचा युर्गेन मोल्टमान पुढे युद्धकैदी झाला, आणि स्कॉटलंडमधील छावणीत हाती आलेल्या बायबलात क्रुसावरचा आक्रोश वाचून, आपल्याला ओळखणारा कोणी येथे आहे, असे त्याला वाटले. 1972 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात पुत्र मरण सोसतो आणि पिता पुत्राचे मरण सोसतो, असा भेद करून त्याने जुन्या आक्षेपाला उत्तर दिले.

आपल्याकडे हा विचार ग्रंथात नव्हे, तर पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात पाहावा. 1870 नंतरच्या दुष्काळात आईवडील आणि बहीण उपासमारीने गेलेली, पुढे भाऊ आणि पतीही गमावलेली ही विदुषी 1883 साली इंग्लंडात ख्रिस्ती झाली. 1896-97 च्या दुष्काळात तिने मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणून केडगावच्या मुक्तिसदनात वाढवल्या. 1921 साली एकुलती एक कन्या मनोरमा गेली, तरी बायबलाच्या मराठी भाषांतराचे काम तिने सोडले नाही. आपल्या दुष्काळाचे कारण तिला कोणी समजावून दिले होते असे नाही. दुसऱ्याच्या दुष्काळात मात्र ती धावून गेली. दुःखाची उपपत्ती सांगणाऱ्या पित्यापेक्षा दुःखात शेजारी येऊन उभ्या राहणाऱ्या पित्याची साक्ष मला तेथे अधिक स्पष्ट दिसते.

म्हणून दुःखिताच्या घरी जाणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती बांधवाने ईयोबाचा ग्रंथ शेवटच्या अध्यायापर्यंत वाचावा, ही माझी विनंती आहे. त्याचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्यासह जमिनीवर निःशब्द बसून राहिले, तेथवर ते योग्यच वागले. मग ते ईश्वराची वकिली करू लागले. ईयोबाने मात्र ईश्वराकडेच जाब मागितला, तोही कठोर शब्दांत. ईश्वराने वादळातून ईयोबालाही खडसावले खरे. पण निकालाच्या वेळी त्याचा कोप वकिली करणाऱ्यांवर झाला, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करण्याचे काम त्याने फिर्यादीकडेच सोपवले.