स्तनभाराची शस्त्रक्रिया : लज्जा, वेदना आणि अमानत



काही विषय मिंबरवरून बोलले जात नाहीत आणि घरातही कुणी काढत नाही. मग त्यांचा निर्णय ऐकीव गोष्टींवर होतो. आज अशाच एका विषयाकडे आपले लक्ष वेधायचे आहे.

काही महिन्यांपूर्वी दिग्रस येथे इशाच्या नमाजनंतर एक गृहस्थ माझ्यापाशी थांबले. त्यांच्या पत्नीच्या स्तनांचा भार इतका वाढला होता की मान, खांदे व पाठ अहोरात्र दुखत. खांद्यांवर पट्ट्यांचे खोल वळ उमटत, उन्हाळ्यात घामाने खालची त्वचा सोलवटून निघे. शिलाई मशीनवर वाकून बसणे अशक्य झाले होते. डॉक्टरांनी स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया सुचवली होती. "मौलाना, हे जाइज आहे का?" त्यांनी विचारले. मी तत्काळ म्हणालो, "अल्लाहने घडवलेल्या देहात बदल करू नये. त्यांना सब्र करायला सांगा." ते मान खाली घालून निघून गेले.

त्या रात्री मला हजरत जाबिर (रजि.) यांची अबू दाऊदमधील हदीस आठवली. प्रवासात एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली होती. त्याच्यावर गुस्ल अनिवार्य झाले, तेव्हा तयम्मुमची सवलत आहे का, असे त्याने सोबत्यांना विचारले. त्यांनी नाही म्हटले. त्याने स्नान केले आणि तो दगावला. हे कळताच प्रेषित (स.) अत्यंत संतप्त झाले; ठाऊक नव्हते तर विचारले का नाही, असा त्यांचा सवाल होता. मी तरी त्या सोबत्यांहून वेगळे काय केले होते? फज्रनंतर मी त्या गृहस्थांच्या घरी गेलो आणि माझे उत्तर मागे घेतले.

आता मूळ प्रश्न पाहू. सूरह अन्-निसाच्या 119व्या आयतीत सैतान अल्लाहच्या निर्मितीत फेरफार करायला लावण्याची प्रतिज्ञा करतो. हजरत इब्ने मसऊद (रजि.) यांच्या हदीसमध्ये दातांत फट पाडून घेणाऱ्या स्त्रियांचा धिक्कार आहे, मात्र तो सौंदर्यासाठी तसे करणाऱ्यांचा, ही अट हदीसच्या शब्दांतच आहे. हजरत अरफजा (रजि.) यांचे नाक युद्धात कापले गेले होते. चांदीच्या नाकाला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसवण्यास सांगितले. पुरुषांना सोने वर्ज्य असूनही त्रास दूर करण्यासाठी ही मुभा मिळाली. सुमारे हजार वर्षांपूर्वी कुर्तुबाच्या अबुल कासिम अज-जहरावी यांनी आपल्या 'अत-तसरीफ' या ग्रंथात पुरुषांच्या वाढलेल्या स्तनांवरील शस्त्रक्रियेची रीत नोंदवली आहे. 2007 साली मलेशियातील पुत्रजाया येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनेही हाच भेद केला : व्यंग वा त्रास दूर करणारी शस्त्रक्रिया वैध, केवळ फॅशनपायी निरोगी देह बदलणे अवैध.

आपण म्हणाल, वेदनेचे निमित्त करून कुणी रूपच बदलू पाहत असेल तर? नियतीचा हिशेब अल्लाहपाशी आहे. वेदनेची पहिली साक्षीदार ती भोगणारी स्त्री, दुसरा विश्वासू डॉक्टर. सासर, शेजार आणि इमाम यांचा क्रम त्यानंतरचा. हया देह झाकायला शिकवते. दुखणे गिळायला नव्हे.

निर्णय झाला की तयारी साऱ्या घराची असते. आधारवस्त्रे, व्यायाम, वजनावर नियंत्रण हे उपाय आधी करून पाहावेत. शस्त्रक्रियेनंतर व्रण राहतात, संवेदना कमी होऊ शकते, दूधही घटू शकते, हे पती-पत्नीने डॉक्टरांकडून स्पष्ट समजून घ्यावे. सूरह अल्-बकराच्या 233व्या आयतीत बाळाचे दूध सोडवण्याचा निर्णयही दोघांच्या सल्लामसलतीवर सोपवला आहे. मग हा विषय तिला एकटीवर का सोडावा? रक्ताच्या व स्तनांच्या तपासण्या कराव्यात, नेहमीची औषधे डॉक्टरांना सांगावीत. तंबाखू, खर्रा, मिसरी काही आठवडे आधीच थांबवावी. त्याने जखम भरण्यास अडथळा येतो. यवतमाळ-नागपूरकडे चौकशी करताना प्रथम स्त्री शल्यचिकित्सक शोधावी. न मिळाल्यास पुरुष डॉक्टरांकडून उपचार घेता येतात. मात्र देह गरजेपुरताच उघडावा आणि सोबत स्त्री असावी.

भुलेच्या अमलात सुटलेली नमाज नंतर कजा करावी. जखमेला पाणी अपायकारक असेल तर पट्टीवर मसह करावा, सजदा जमत नसेल तर बसून इशाऱ्याने नमाज अदा करावी. काही आठवडे तिला हंडा उचलता येणार नाही. तो घरातील पुरुषांनी उचलावा, प्रेषित (स.) स्वतः घरकामात हात लावत असत.

देह ही अल्लाहची अमानत आहे. तिची काळजी घेणाऱ्या भगिनीला आपल्या घरात प्रश्न विचारायला भीती वाटते का, हे आज रात्री आपण स्वतःला विचारावे. आणि आम्हा इमामांना पुरते ठाऊक नसेल, तेव्हा "विचारून सांगतो" एवढे म्हणण्याचे धैर्य अल्लाह देवो. आमीन.