यंत्र गातें, स्तुति कोण करितो?

आमच्या खेड्यांतील पुष्कळ मंडळ्यांत आतां एक नवी रीत पडूं लागली आहे. उपासनेपूर्वीं, आणि कधीं कधीं उपासनेंतहि, मोबाईलवरील गीत ध्वनिक्षेपकास जोडून लावितात. आवाज सुरेल असतो, वाद्यें उत्तम असतात, आणि मंडळी स्वस्थ बसून ऐकते. यावर कोणी म्हणतात कीं, देवाच्या मंदिरांत असें यंत्र आणणें हेंच मुळीं अयोग्य. तर कोणी म्हणतात कीं, आमच्या बेसूर गाण्यापेक्षां हें शतपटीनें बरें. आमच्या मतें दोन्ही पक्षांच्या हातून मुख्य प्रश्न निसटतो. यंत्र चांगलें कीं वाईट हा प्रश्न नव्हे. जें काम देवासमोर आपण स्वतः करावयाचें, तें यंत्राकडून करवितां येईल काय, हा प्रश्न आहे.

प्रथम हें यंत्र कसें झालें तें पाहूं. मनुष्याचा शब्द उच्चारतांच नाहींसा होतो, तो धरून ठेवावा ही इच्छा जुनी आहे. १८५७ सालीं फ्रान्समध्यें लेओं स्कॉट यानें काजळी धरलेल्या कागदावर आवाजाच्या कंपनांची रेघ उमटविण्याची युक्ति काढिली. ती रेघ डोळ्यांस दिसे, पण तिचा पुनः आवाज करितां येत नसे. त्यानें १८६० सालीं अशा रीतीनें उमटविलेलें एक गीत अमेरिकेंतील संशोधकांनीं २००८ सालीं प्रथमच ऐकविलें! १८७७ सालीं अमेरिकेंत थॉमस एडिसन यानें नळकांड्यावर कथिलाचा वर्ख गुंडाळून त्यावर सुईनें आवाजाची खूण उठविली, आणि त्याच खुणेवरून सुई पुनः फिरवून तोच आवाज परत काढिला. पुढें १८८७ सालीं एमिल बर्लिनर यानें सपाट तबकडीचें ग्रामोफोन काढिलें. एका साच्यावरून तबकडीच्या पुष्कळ प्रती निघूं लागल्या, आणि गाणें हें बाजारांत विकावयाची वस्तु झालें.

आपल्या देशांत १९०२ सालीं कलकत्त्यास गौहर जान या गायिकेचें गाणें मुद्रित करण्यांत आलें. तबकडीवर सुमारें तीन मिनिटेंच मावत. म्हणून जो राग तासभर आळवावयाचा तो त्या मापांत बसवावा लागला. १९२५ च्या सुमारास विजेनें ध्वनिमुद्रण होऊं लागलें, तोंपर्यंत गाणाऱ्यास एका कर्ण्याच्या तोंडाशीं उभें राहून मोठ्यानें गावें लागे. यावरून एक गोष्ट लक्षांत घ्यावी. यंत्र केवळ आपलें गाणें वाहून नेतें असें नाहीं. तें गाण्यास आणि गाणाऱ्यासहि आपल्या सोयीप्रमाणें वळण लावितें.

असें असलें तरी यंत्रास पापरूप म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. वीणा व बांसरी वाजविणारांचा मूळपुरुष युबाल हा काइनाच्या वंशांतला, असें उत्पत्तीच्या पुस्तकांत आहे. तरी त्याच जातीच्या वाद्यावर दाविदानें देवाची स्तुति केली, आणि शौल राजाच्या व्याकुळ जिवास विसांवा दिला. वस्तु कोणाच्या हातून निघाली यावर तिची योग्यता ठरत नाहीं. एडिसन यानें १८७८ सालीं आपल्या यंत्राचे उपयोग सांगतांना आंधळ्यांसाठीं बोलकीं पुस्तकें आणि मरणोन्मुख माणसांचे शेवटचे शब्द जतन करणें हे उपयोगहि सांगितले होते. १९३९ सालीं अमेरिकेंत जॉय रिडरहॉफ या बाईनें तबकड्यांवर शुभवर्तमान मुद्रित करण्याचें कार्य आरंभिलें. ती होंडुरास देशांत सेवा करून आजारीपणामुळें परत आली होती. पुढें या कार्यानें, ज्यांस वाचतां येत नाहीं किंवा ज्यांच्या भाषेंत पुस्तकच नाहीं, अशा पुष्कळ लोकांपर्यंत वचन पोहोंचलें. जी विधवा अंथरुणास खिळली आहे, तिच्या उशाशीं लागलेलें गीत ही देवाची कृपाच होय.

मग हरकत कोठें येते? १९०६ सालीं अमेरिकेंतील प्रसिद्ध वाद्यवृंदनायक जॉन फिलिप सूझा यानें इशारा दिला कीं, घरोघरीं यंत्र आलें म्हणजे लोक गावयास व वाजवावयास शिकण्याचे श्रम सोडतील. त्याच्याच वाद्यवृंदाच्या तबकड्या बाजारांत होत्या, आणि त्याच्या बोलण्यांत रचनाकारांच्या मोबदल्याचाहि प्रश्न होता. म्हणून कोणी तें बोलणें स्वार्थाचें म्हणेल. परंतु सांगणाऱ्याचा स्वार्थ असला म्हणून सांगणें खोटें ठरत नाहीं.

आमचें म्हणणें मात्र याहून पुढें जातें. कांहीं कामें दुसऱ्याकडून करवून घेतलीं तरी पुरीं होतात. दळण जात्यावर दळलें काय किंवा गिरणीवरून आणिलें काय, भाकरीनें पोट भरतेंच. पण पश्चात्ताप, क्षमा मागणें, उपकार स्मरणें, हीं कामें ज्याचीं त्यानेंच केलीं पाहिजेत. शेजाऱ्याचा अपराध करून त्याची क्षमा मागावयास चाकर पाठविला, तर ती क्षमा मागितली असें कोण म्हणेल? स्तुति याच जातीची आहे. अरवना यबूसी खळें व बैल फुकट देत असतां दाविदानें तें घेतलें नाहीं. ज्यास आपणांस कांहीं मोल पडलें नाहीं असें अर्पण देवास वाहण्यास तो कबूल झाला नाहीं. कळ दाबून निघालेल्या स्तुतीस आपलें काय मोल पडलें?

यावर कोणी विचारील, 'गायकमंडळ गातें तेव्हांहि आम्ही ऐकतोंच. मग तेंहि व्यर्थ काय?' नाहीं. गायकमंडळ आपल्यांतलेंच आहे. त्या घटकेस तें स्वतः अर्पण करीत असतें, आणि आपण त्याच्याशीं एकचित्त होतों. यंत्र कांहींच अर्पण करीत नाहीं. त्यांतील गायकानें आपलें अर्पण केलेंच असेल तर तें दुसऱ्या ठिकाणीं, दुसऱ्या दिवशीं. 'ऐकतां ऐकतां अंतःकरण स्तुति करूं शकतें,' हेंहि खरें. मुक्याची स्तुति देव ऐकतो. परंतु ज्यास वाचा दिली आहे त्यानें मुक्याची सबब सांगूं नये.

शिवाय मंडळीचें गाणें हें मंडळी जोडण्याचें साधन आहे. नारायण वामन टिळक यांनीं (१८६१–१९१९) आपल्या लोकांच्या चालींवर ख्रिस्ती भजनें रचिलीं तीं लोकांनीं गावीं म्हणून. एकानें ओळ सांगावी, बाकीच्यांनीं ती धरावी. वाचतां न येणाऱ्या म्हातारीनें शेजारणीच्या तोंडून शब्द घ्यावे, आणि मुलानें म्हातारीकडून. जो मागें राहिला त्याच्यासाठीं मंडळी थांबते. यंत्र कोणासाठीं थांबत नाहीं. दहा वर्षें मंडळीनें यंत्रच ऐकलें, तर अकराव्या वर्षीं वीज गेलेल्या रविवारीं चाल उचलावयास कोण पुढें होईल?

म्हणून आमची विनंती इतकीच आहे. नवी चाल शिकण्यासाठीं यंत्र अवश्य लावावें, आणि ती बसली म्हणजे बंद करावें. आजाऱ्याच्या घरीं तें न्यावें, पण निघण्यापूर्वीं एक कडवें स्वतःच्या तोंडानें म्हणावें. रविवारीं मात्र देवाच्या घरांत, सूर जसा असेल तसा, आपलाच असावा. वडील मंडळींनीं व पाळकांनीं याचा प्रार्थनापूर्वक विचार करावा.