मेसचा खाडा

शनिवारी दुपारी मेसला कोणाचा खाडा आहे ते पाहिलं, की होस्टेलवरचा रात्रीचा बेत बरेचदा कळतो. ‘आज बसायचंय, मग जेवायचं कशाला?’ रिकाम्या पोटी लवकर चढते, म्हणजे काँट्री कमी लागते, हा एक हिशेब. जेवणाच्या कॅलरी वाचवल्या की दारूनं वजन वाढणार नाही, हा दुसरा.

दोन्ही हिशेब महागात पडतात. व्हिस्कीच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सव्वाचारशेच्या आसपास कॅलरी असतात. चार पोळ्यांची भर पडते, पोषण मात्र शून्य. पोटात अन्न असलं की मद्य जठरात रेंगाळतं. नसलं की झपाट्यानं लहान आतड्यात उतरतं आणि तिथून रक्तात. यकृत ते निस्तरण्यात गुंतलं, की साखर तयार करण्याचं त्याचं काम मागे पडतं. दिवसभर उपाशी असलेल्याची साखर मग धोकादायक उतरू शकते. मित्र म्हणतात, ‘टाइट झालाय, झोपू दे.’ घात होतो तो तिथं.

अशा मुलामुलींना दारूचे दुष्परिणाम ऐकवून फारसं काही हाती लागत नाही. ते त्यांना पाठ असतात. विचारावं ते जेवणाबद्दल. ‘दुपारी का जेवली नाहीस?’ याचं उत्तर ‘पैसे वाचवायला’ असेल, तर वरचा हिशेब समोर मांडून बोलता येतं. ‘जाड झालेय’ असं असेल, तर दुखणं खोलवरचं आहे. दारू सुटली तरी उपास आणि मुद्दाम काढलेल्या उलट्या सुरूच राहू शकतात. तिथं समुपदेशक हवा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

जेवून प्यायलं की सगळं सुरक्षित, असं अर्थातच नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण असावी लागतात. होस्टेलवरच्या अनेकांचं तेवढं वय झालेलं नसतं, म्हणून तर रेक्टरच्या धाकानं दवाखाना टाळला जातो.

रूममेटनी एवढं करावं: सलग खाडे दिसले तर टोमणा न मारता, सोबत जेवायला बसवून विचारावं. आणि कोणी हाकेला ओ देत नसेल तर त्याला एकटं सोडू नका, कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. रेक्टरची बोलणी नंतर खाता येतील.