शेवटच्या शेगडीचा न्याय

सामायिक साधनाची क्षमता ठरवताना हिशेब कोणाच्या गरजेपासून सुरू करावा, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न आहे. अमेरिकेत नव्या घराच्या भिंतींतून नेल्या जाणाऱ्या गॅसनळीचा व्यास ठरवण्याची रीत त्याला एक उत्तर देते, आणि ते उत्तर वाटते तितके निव्वळ तांत्रिक नाही.

अशा घरात नैसर्गिक वायू साधारणपणे सात इंच जलस्तंभाच्या, म्हणजे पाण्याची पातळी सात इंच उचलून धरील इतक्या, अल्प दाबाने येतो. नळीतून वाहताना घर्षणाने दाब घटतो, आणि मीटरपासून उपकरणापर्यंत तो फार तर अर्धा इंच घटावा असे धरून तेथील राष्ट्रीय इंधनवायू संहितेतील एक नेहमीचे कोष्टक रचलेले आहे. एक घनफूट वायूतून सुमारे १,००० बीटीयू उष्णता मिळते. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवणारी उष्णता म्हणजे एक बीटीयू. मीटरपासून २० फुटांवर घर उबदार ठेवणारी ताशी १,००,००० बीटीयूची फर्नेस आणि ४०,००० बीटीयूचा वॉटर हीटर, तर ६० फुटांवर ६५,००० बीटीयूची शेगडी अशी मांडणी धरली, तर ताशी २०५ घनफूट वायू लागतो. कोष्टकाच्या २० फुटांच्या ओळीत अर्ध्या इंची पोलादी नळीची क्षमता ताशी ११८ घनफूट आहे, म्हणजे फर्नेसला ती पुरावी. पण सर्वाधिक लांबीच्या पद्धतीत सर्वांत दूरच्या उपकरणाची ६० फुटांची ओळच साऱ्या घराला लागू होते, तेथे हीच क्षमता ६५ वर येते आणि मीटरजवळच्या फर्नेसलाही पाऊण इंची नळी द्यावी लागते.

येथे मत्तयकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील दाखला आठवतो. द्राक्षमळ्याचा धनी दिवस मावळता कामावर आलेल्यांनाही सकाळपासून राबणाऱ्यांइतकीच मजुरी देतो. त्यावरून इंग्रज लेखक जॉन रस्किनने ‘अन्टू धिस लास्ट’ हे शीर्षक घेतले, ते पुस्तक गांधीजींनी १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना वाचले आणि १९०८ मध्ये ‘सर्वोदय’ या नावाने त्याचे सार गुजरातीत दिले. दाखल्यातील सकाळचे मजूर कुरकुरतात, आणि जाड नळीचे पैसे मोजणारा घरमालकही कुरकुरेल. मात्र मजुरांचे काहीच गेलेले नसते, घरमालकाचा खर्च खरोखर वाढतो.

म्हणूनच या नियमाला सरसकट सर्वोदयाचे उदाहरण ठरवणे घाईचे होईल. संहितेला मान्य असलेली दुसरी, शाखा-लांबीची पद्धत प्रत्येक स्वतंत्र शाखा तिच्या स्वतःच्या अंतराने मोजू देते, आणि तिच्यात फर्नेसची शाखा अर्ध्या इंचाचीच राहते. पण सर्वांचा वायू वाहणारी मुख्य नळी दोन्ही पद्धतींत ६० फुटांनीच मोजली जाते आणि एक इंची ठरते. सामायिक भागात जितका दाब खर्च होतो तितका शेवटच्या शेगडीच्या वाट्यातून वजा होतो, आणि जवळच्याला त्याचा पत्ताही लागत नाही. अंत्योदयाचा, म्हणजे शेवटच्याचे हित आधी पाहिल्याचा, दावा टिकतो तो या सामायिक भागापुरता. एकट्याच्या शाखेचा जादा व्यास ही हिशेबाची सोय आहे, पुण्य नव्हे.

पतंजलीच्या योगसूत्रांतील पाच यमांपैकी, म्हणजे संयमाच्या नियमांपैकी, शेवटचा अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडचा संग्रह टाळणे. सर्व उपकरणे एकाच वेळी पूर्ण जोरात चालतील असे गृहीत धरणे हाच परिग्रह, असा आक्षेप त्यावरून घेता येईल. अनेक घरांच्या इमारतीतील मुख्य वाहिनीपुरता तो मानलाही जातो, कारण सगळ्यांच्या शेगड्या एकदम पेटत नाहीत, आणि म्हणून तेथे एकाच वेळी प्रत्यक्ष येणाऱ्या मागणीच्या प्रमाणात बेरीज कमी करतात. एका घरात मात्र थंडीच्या संध्याकाळी तिन्ही उपकरणे खरोखर एकत्र चालतात, आणि दाब फार घटला तर ज्योत अस्थिर होऊन विझू शकते. ही गरज बोट ठेवून दाखवता येते. कधीतरी काहीतरी लागेल म्हणून वाढवलेल्या व्यासाला तसा आधार नसतो. तरीही पुढची ठरलेली गरज भिंती बंद होण्यापूर्वीच सांगावी, कारण नवे उपकरण जोडताना जुन्या वाहिनीची क्षमता तपासणे संहितेने बंधनकारक केले आहे. वरील घरात जुन्या वॉटर हीटरच्या जागी १,९९,००० बीटीयूचा टाकीविरहित हीटर बसवला, तर मागणी ताशी ३६४ घनफुटांवर जाते, आणि ६० फुटांच्या ओळीत एक इंची नळीची क्षमता २५७ आहे.